नाण्यावर आईचं नाव

मैत्रिणींनो, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी नावात आता आईचं नाव आलंय, हे तुम्हाला ठाऊकच असेल. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. महाराष्ट्र सरकारच्या या निर्णयाची माहिती पैठण रस्त्यावरच्या एका गावात, बचत गटाच्या बैठकीत सांगत होते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी पदर सावरत विचारलं, "हे कुठलं नवं खूळ काढलं म्हणायचं? बापाचं नाव असताना आईचं कशाला?" तरण्या सुना खुसूखुसू हसल्या. आजींचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मनात तोच असतो, फक्त त्या बोलत नाहीत.

मी म्हटलं, आजी, खूळ म्हणा हवं तर, पण नवं म्हणू नका. तुमच्याच पैठणच्या राजानं ते जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी काढलं. आणि कागदावर नाही, चांदीच्या नाण्यावर!

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटर. आपण तिथे नाथषष्ठीला जातो, पैठणी बघायला जातो, जायकवाडीचं पाणी बघून येतो. पण या गावाच्या राजांनी स्वतःची ओळख सांगताना आधी आईची ओळख सांगितली, हे शाळेच्या पुस्तकात 'गौतमीपुत्र सातकर्णी' असं पाठ करतानासुद्धा आपल्या ध्यानात येत नाही. गौतमीपुत्र, म्हणजे गौतमीचा मुलगा. परीक्षेत गाळलेली जागा भरली की संपलं!

आता हे नाणं कसलं ते सांगते. २०११ साली बंद झालेले आपले स्टीलचे चार आणे आठवतात का? त्याहून जरासं लहान आणि हलकं. वजन साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम. म्हणजे आपल्या पायातल्या जोडव्यांपेक्षाही कमी चांदी. सातवाहनांची रोजच्या बाजारातली नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची किंवा मिश्र धातूची असायची. भाजीपाला, मीठ त्याच्यावर चालत असणार. चांदीचं नाणं त्यामानाने मोलाचं.

या चांदीच्या नाण्यांचा सगळ्यात मोठा साठा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी या गावी सापडला. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरचं हे गाव. आपल्या पैठणला येणारी गोदावरी तिथूनच पुढे येते. एकाच ठिकाणी तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी! रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून त्यांच्यावर लिहिलं. ती नाणी मुळात आपल्या सातवाहनांची नव्हती. ती होती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. हे क्षत्रप म्हणजे बाहेरून आलेले शक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात नाशिक, जुन्नर, कोकणपट्टी, गुजरात हा सगळा भाग नहपानाने धरला होता. त्याच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्या. एवढ्याशा चांदीच्या टिकलीवर तीन लिप्या! व्यापार कुठवर पसरला होता ते त्यावरून कळतं.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. आता शत्रूची हजारो नाणी बाजारात फिरताहेत, त्यांचं काय करायचं? वितळवून नवी पाडायला वेळ लागतो, मजुरी लागते. त्याने सरळ त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. जोगळटेंभीच्या साठ्यातली नऊ हजारांहून जास्त, म्हणजे शंभरातली सत्तर नाणी अशी दोनदा ठोकलेली आहेत. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैनचं चिन्ह. काही नाण्यांवर डोंगराखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं! जुन्या साडीवर नवा छाप मारावा आणि खालची वेलबुट्टी दिसत राहावी, तसं.

त्या डोंगराभोवती अक्षरं आहेत, 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. 'राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं' असा साधा अर्थ. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याने आपली मोहोर उमटवली, आणि त्या मोहोरेत त्याच्या स्वतःच्या नावाआधी त्याच्या आईची ओळख आली. बापाचं नाव नाहीच.

नहपानाला नुसता शत्रू म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण त्याच्या घरच्या माणसांनी नाशिकच्या लेण्यांत जो हिशेब कोरून ठेवलाय तो वाचून मी तर चाटच पडले. आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तीच ही त्रिरश्मी लेणी. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळचे चांदीचे पैसे, भिक्षूंसाठी ठेव म्हणून ठेवले. कुठे ठेवले असतील? बँक तर नव्हती. त्याने ते विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा दरमहा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्याला 'अक्षयनीवी' असा सुंदर शब्द आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे.

आता मैत्रिणींनो, जरा वही घ्या. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षू गुणिले बारा? दोनशे चाळीस! एका पैशाचा फरक नाही. हा हिशेब निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. आमच्या गटात आपसात शेकडा दोनने कर्ज देतो आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वही वाचतो. ती वही वाचायचा कंटाळा करणाऱ्या आमच्या सचिवबाईंना मी आता उषवदाताचं नाव सांगते.

याच उषवदाताची बायको दक्षमित्रा, म्हणजे नहपानाची मुलगी. तिनेही तिथे एक खोली दान दिली आणि आपल्या नावाने लेख कोरून घेतला. नवऱ्याच्या दानात तिचं दान बुडालं नाही, वेगळं नोंदलं गेलं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'श्री व सौ.' एवढंच येतं, त्यातली सौ. कोण ते पुढच्या पिढीला कळतही नाही.

हे विणकर इतके श्रीमंत कसे की राजाचा जावई त्यांच्याकडे पैसे ठेवतो? त्याचं उत्तर एका परदेशी खलाशाच्या टिपणात मिळतं. 'पेरिप्लस' नावाचं ते ग्रीक पुस्तक पहिल्या शतकातलं आहे. त्यात आपलं पैठण आहे आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून तेर आणखी दहा दिवसांवर. पैठणहून मौल्यवान खडे जात आणि तेरहून कापड, जाडंभरडंही आणि तलम मलमलही. बदल्यात रोमन लोकांचं सोनं-चांदी येई. आता पुस्तकात कापूस वेचणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या हातांचा उल्लेख नाही. ते हात कोणाचे असतील ते तुम्ही-मी ओळखू शकतो.

तर आता त्या आईकडे येऊ. तिचं नाव बलश्री. तिच्याबद्दल कळतं ते नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यातून. हे लेणं तिनेच कोरवलं. ओट्याखाली सहा धिप्पाड दगडी माणसं जणू सगळं लेणं खांद्यावर पेलून उभी आहेत. व्हरांड्याच्या भिंतीवर तिचा लांबलचक लेख आहे. मुलगा गेल्यानंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला. त्यात ती स्वतःला महादेवी म्हणते, महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणते. गंमत म्हणजे नवऱ्याचं नाव त्यात नाही, राजर्षीची वधू एवढंच. मुलाचं कौतुक मात्र ओळीमागून ओळी. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, मागमूस ठेवला नाही. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी व्हायचा, कर धर्माने घ्यायचा. आणि या सगळ्या पराक्रमांत एक गुण असाही कोरलाय की, तो आईची अखंड सेवा करणारा होता! कोणतीही सासू आपल्या लेकाबद्दल सांगते तसंच आहे हे. फरक एवढाच की बलश्रीचं म्हणणं दगडात कोरलं गेलं.

ती नुसती कौतुक करत बसणारी आई नव्हती. मुलगा राज्यावर असतानाच, त्याच्या चोविसाव्या वर्षीचा एक हुकूम त्याच लेण्यात आहे. तो राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावाने निघालाय. तिथे तिला 'जिचा मुलगा हयात आहे अशी' असं विशेषण आहे. हुकूम गोवर्धनच्या अधिकाऱ्याला आहे आणि विषय तर आजच्या तहसील कचेरीतला वाटावा असा. आधी भिक्षूंना एका गावातलं शेत दिलं होतं. पण ते कसलं जात नाही, गावही ओसाड पडलंय. म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तनं सरकारी जमीन द्यावी. दान दिल्यावर त्याचं पुढे काय झालं याची कुणीतरी चौकशी केली, आणि जमीन पडीक आहे हे कळल्यावर दुसरी दिली! समाजकार्य करताना कागदोपत्री दिलेली आणि प्रत्यक्षात कुणाच्या कामाला न आलेली किती शिवणयंत्रं, किती शेळ्या मी पाहिल्यात. त्यामुळे राजमातेचा हा हुकूम मला तिच्या त्या लांबलचक लेखापेक्षाही मोठा वाटतो.

पण मैत्रिणींनो, इथे एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. नाण्यावर जे 'गोतमी' आहे, ते बलश्रीचं नाव नाही. ते तिच्या माहेरचं गोत्र. गौतम गोत्रातली म्हणून गौतमी, वसिष्ठ गोत्रातली म्हणून वासिष्ठी. राजाच्या राण्या अनेक. मग हा मुलगा कुणाचा ते कळायला आईचं गोत्र जोडायचं, असा त्यामागचा व्यवहार अभ्यासक सांगतात. म्हणजे बाईला मान होता म्हणून हुरळून जायला नको. गादी मुलालाच जायची. हजारो नाण्यांवर तिचं माहेर उमटलं, पण 'बलश्री' हे तिचं स्वतःचं नाव आपल्याला कळतं ते तिने भिंतीवर कोरून घेतलं म्हणून.

तरीही माहेर उमटलं हे काही थोडं नाही. आपल्याकडे लग्नाच्या मांडवातच माहेरचं आडनाव सुटतं, कुठे कुठे तर नावही बदलतात. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सातवाहनांच्या घरात सून म्हणून आलेल्या गौतमीची माहेरची ओळख मुलाच्या नाण्यावर चढली आणि पिढ्यान् पिढ्या ही रीत चालली. पुढे या राजांनी स्वतःचा चेहरा असलेली चांदीची नाणीही पाडली. त्यांच्यावर एका बाजूला प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी, आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडची द्राविडी भाषा. प्राकृतात 'पुत' तिथे दुसऱ्या बाजूला 'माकण', 'सिरि' तिथे 'तिरु'. भाषा बदलली तरी 'वासिष्ठीचा मुलगा' ही ओळख दोन्हीकडे कायम. याच घराण्यातल्या यज्ञश्री सातकर्णीचं असं एक नाणं १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. तोही गौतमीपुत्रच, पण वेगळ्या गौतमीचा.

या घराण्यात त्याही आधीची एक राणी होऊन गेली, नागनिका. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या गुहेत राजघराण्याचे पुतळे होते. आता नुसत्या पायांच्या खुणा उरल्यात, पण डोक्यावरची नावं शाबूत आहेत. तिथे 'देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी' अशी जोडी आहे. आधी राणी, मग राजा. लग्नपत्रिका छापायला देताना हे आठवून बघा.

स्वतःचं नाव स्वतःच्या नाण्यावर, असं भाग्य फार थोड्या बायकांना मिळालं. नूरजहाँचं नाव १६२४ ते १६२७ च्या सुमारास मुघल रुपयांवर आलं, तेही जहांगीरच्या हुकमाने. आपल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, इतकी वर्षं उत्तम राज्य केलं. महेश्वरच्या टांकसाळीत त्यांच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान आलं, पण नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचंच राहिलं. त्या काळची ती रीतच होती.

तिकडे दूर जर्मनीत मात्र एक वेगळाच प्रकार घडला. तिथे मध्ययुगात लहान-मोठे सरदार, बिशप, शहरं असे सगळे आपापली चांदीची नाणी पाडत. फेनिग म्हणतात त्यांना. काही तर इतकी पातळ की एकाच बाजूने ठोकायची, मागे नुसता खोलगट छाप. आपल्या देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकासारखी. वजन ग्रॅमभरही नाही. त्यात क्वेडलिनबुर्ग नावाच्या गावी बायकांचा मठ होता. त्या मठाच्या प्रमुख बाईला ९९४ साली बाजार भरवायचा, जकात घ्यायचा आणि नाणी पाडायचा हक्क मिळाला. बाराव्या शतकात तिथल्या बेआट्रिक्स नावाच्या मठप्रमुखाच्या नाण्यावर ती स्वतः बसलेली दिसते. कुणाची आई म्हणून नाही, कुणाची बायको म्हणूनही नाही. पण मग तिला संसार नव्हता, हेही खरं. एकीकडे आई होऊन नाण्यावर यायचं, दुसरीकडे संसार सोडून. मधली वाट त्या काळाने बाईला ठेवली नव्हती.

या फेनिगांची एक वाईट खोड होती. सरदार लोक थोड्या थोड्या काळाने जुनी नाणी रद्द करत आणि नवी घ्यायला लावत. बऱ्याच ठिकाणी बारा जुन्यांना नऊ नवी. म्हणजे घरात साठवलेल्यातला चौथा हिस्सा फुकट गेला! हे वाचताना मला ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवली. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, नवऱ्याला न सांगता ठेवलेल्या नोटा त्या आठवड्यात किती घरांत बाहेर काढाव्या लागल्या. नोटा बदलून मिळाल्या, पण गुपित गेलं ते गेलंच. कितीतरी जणींचं बँकेत स्वतःच्या नावाचं खातंच नव्हतं, मग तो पैसा नवऱ्याच्या खात्यात गेला.

म्हणून गटातल्या आजींना मी पुढे विचारलं, आजी, तुमचं नाव कशाकशावर आहे? त्या म्हणाल्या, रेशन कार्डावर. घरावर? नाही. शेतावर? नाही. नुकत्याच झालेल्या पणतीच्या जन्मदाखल्यावर मात्र त्यांच्या नातसुनेचं नाव आईचं नाव म्हणून मध्ये लागलंय. नव्या नियमात लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं नाव आधीसारखंच राहतं, नाव, नवरा, आडनाव. लेकराच्या नावात आली, हे चांगलंच झालं. पण लक्ष्मीमुक्ती योजनेतून नवऱ्याच्या बरोबरीने सातबाऱ्यावरही नाव लावून घेता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे जावं लागतं, आणि मुख्य म्हणजे आधी नवऱ्याशी बोलावं लागतं. आमच्या गटातल्या चौघींनी अर्ज लिहून ठेवलेत. दोघींच्या घरी अजून बोलणं व्हायचंय.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पैठण, तेर, भोकरदन अशा जुन्या गावांच्या पांढरीत पहिल्या पावसानंतर मातीतून नाणी वर येतात. निंदायला गेलेल्या बायकांच्या हाती ती हमखास लागतात, आणि बहुतेक वेळा सोनाराकडे जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. सरकारने ते घेतलं तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तेव्हा खुरप्याला असं काही लागलं तर घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, चिंच-मीठ तर मुळीच लावू नका, त्यावरची अक्षरं जातात. कागदात गुंडाळा, कुठल्या शेतात सापडलं ते लिहून ठेवा आणि तहसील कचेरीत द्या. सोनाराच्या मुशीत त्या दोन ग्रॅम चांदीचं एक जोडवंसुद्धा धड होत नाही.